बांडी कापी

कारवारच्या वाटेवर, अणशीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून तासदीड तास चाललं की पाच घरांची एक वाडी लागते. तिथल्या एकशिक्षकी शाळेत मी एकाहत्तर ते एकोणऐंशी अशी आठ वर्षं मास्तर होतो. पुढं बदली होऊन रामनगरला आलो, घर बांधलं, आणि वाडीशी संबंध उरला तो फुलामुळं. वर्षातून एकदा ती मध आणि शिकेकाई घेऊन रामनगरच्या बाजाराला यायची. आमच्याकडे एक रात्र मुक्काम करायची आणि निघताना माझ्या बायकोच्या, सावित्रीच्या, हातात कापीच्या बियांचं गाठोडं ठेवायची. आमच्या भागात कॉफीला कापीच म्हणतात.

फुला कुणब्याची. नवरा कान्हू बांबूच्या तोडीवर कामाला होता, तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. तिचा सासरा लखू तरुणपणी कोडगूच्या कापीच्या मळ्यात मजुरीला गेला होता आणि परत येताना धोतराच्या सोग्यात मूठभर बिया बांधून घेऊन आला होता. घरामागच्या ओढ्याकाठी, फणसाच्या सावलीत त्यानं त्या लावल्या. ती झाडं मोठी झाली, त्यांच्या बिया पुन्हा रुजवल्या, असं करत करत फुला लग्न होऊन आली तेव्हा तिथं पंचवीस-तीस झाडं होती. मी वाडीत होतो त्या काळात ती शंभराच्या वर गेली. म्हातारा गेला, नवरा गेला, झाडं फुलानं एकटीनं सांभाळली.

माझी थोरली बहीण बायजा खानापूरला दिलेली. तिची मुलगी यमुना वनस्पतिशास्त्र शिकली आणि कॉफीच्या झाडांमधल्या वेगवेगळेपणावर डॉक्टरेटचा अभ्यास करू लागली. आमच्या घराण्यात एवढं शिकलेली ती पहिलीच. शहाऐंशीच्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. सावित्री सुपात कापी निवडत बसली होती. यमुना सहज शेजारी टेकली आणि बिया बोटांनी वेगळ्या करू लागली. लांबट एकीकडे, वाटोळ्या एकीकडे, अगदी बारक्या एकीकडे. मग तिनं मला हाक मारली.

"मामा, या सगळ्या एका बागेतल्या?"

"एका बाईच्या. घरामागं शंभरेक झाडं आहेत."

"त्या बाई मला दाखवतील झाडं?"

मला जरा अवघड वाटलं. फुला कुणाला त्या बाजूला फिरकू देत नसे. जंगलाच्या कडेला असलेलं काहीही परक्या माणसाच्या नजरेला पडलं की जातं, असं तिचं म्हणणं. पण यमुना माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. जानेवारीत मी तिला घेऊन गेलो.

फुला अंगणात भात वाळवत होती. यमुनाकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कशाला बगायची झाडं?"

"अभ्यासाला," मी म्हणालो. "ती काही नेणार नाही. माझी भाची आहे."

"तुमी आणलंय म्हणून," फुला म्हणाली, आणि कोयता कमरेला खोचून पुढं झाली.

त्या दिवशी यमुनाचा चेहरा मी पाहिला तो अजून आठवतो. फुलानं प्रत्येक झाडाला नाव दिलेलं होतं. कोवळी शेंडी तांब्यासारखी असलेली ती तांबडशेंडी. अरुंद पानांची सुईपान. जिला कधीच तांबेरा लागला नाही ती निरोगी, तिचं नाव कोडगीण. आणि ओढ्याच्या वळणावर एक झाड होतं, त्याच्या पानांवर पांढरे पट्टे आणि ठिपके, जणू कुणी चुन्याचं बोट फिरवलंय. बांडी गाय असते तशी ती बांडी कापी. तिच्या फांद्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, लाल, निळ्या, हिरव्या.

"या चिंध्या कशाला?" यमुनानं विचारलं.

फुला सांगू लागली. बांडीच्या अंगावर मधेच एखादा फांदा पुरा हिरवा निघतो. तो जोरात वाढतो आणि बांड्या फांद्यांना खातो. म्हणून ती तो छाटते. पण काही हिरवे फांदे तिनं मुद्दाम ठेवले होते, त्यांना हिरवी चिंधी. त्यांच्या बिया रुजवल्या की बहुतेक रोपं हिरवी येतात, पण त्यातलं एखादं पुन्हा बांडं. बांड्या फांदीला लाल चिंधी. तिच्या बियांतली काही रोपं पांढरीफटक येऊन आठ दिवसांत मरतात, काही हिरवी, काही बांडी. आणि एका बांड्या फांदीच्या बीपासूनच ती कोडगीण झाली होती. कुठल्या वर्षी कुठली चिंधी बांधली ते सगळं तिच्या तोंडपाठ.

यमुना ओढ्याच्या दगडावर बसली. मला म्हणाली, "मामा, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? या जातीचं झाड आपल्याच फुलातल्या परागानं फळ धरतं. मूठभर बियांपासून ही बाग झाली असेल तर सगळी झाडं एका ठशातून काढल्यासारखी दिसायला हवीत. इथं तर शंभर झाडं आणि शंभर तऱ्हा."

"मग ह्या तऱ्हा आल्या कुटनं?" फुलानं विचारलं.

तेव्हा यमुनानं तिला समजावून सांगितलं. मला वाटतं, तिच्या आयुष्यात ती इतकं चांगलं पुन्हा कधी शिकवणार नाही. म्हणाली, प्रत्येक झाडाच्या आत एक लांबलचक मजकूर असतो. पान कसं करायचं, फळ कसं करायचं, सगळं त्यात लिहिलेलं. पण त्या मजकुरातले काही तुकडे एका जागी राहत नाहीत. ते उठतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. हिरव्या रंगाच्या ओळीत एखादा तुकडा जाऊन बसला की ती ओळ वाचता येत नाही, तेवढं पान पांढरं पडतं. तो तिथून पुन्हा उठला की ओळ जुळते, हिरवं परत येतं.

फुला विचार करत राहिली. "आमच्या सुप्याची माणसं उटली तशी," ती म्हणाली. "धरणात गाव गेलं, रामनगरात जाऊन बसली."

"तसंच म्हण, मावशी."

"आनि जातील तितलं बिगडवतात?"

"कधी बिघडतं. कधी तुझ्या कोडगिणीसारखं नवंच काही निघतं."

फुला खूप हसली. मग यमुनानं सांगितलं की अमेरिकेत एका बाईंनी मक्याच्या दाण्यांचे ठिपके बघून हे ओळखलं होतं, आणि तीस वर्षं कुणी त्यांचं ऐकलं नाही. "तुझं मी ऐकतेय, मावशी. माझ्या पुस्तकात पहिल्या पानावर तुझं नाव येईल. लखू आजोबांचंही. झाड कुठं नेणार नाही, फक्त पानं आणि थोड्या बिया."

त्यानंतर तीन वर्षं यमुना येत राहिली. फळ तोडणीला यायची, मार्च-एप्रिलात फुलं धरली की यायची. फुलाच्या घरात चुलीजवळ झोपायची. फुला तिच्यासाठी तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण करायची. ताप आला तेव्हा फुलानं तिला पाठकुळी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं होतं आणि कारवारच्या बसमधल्या माणसाला उठवून तिला जागा करून दिली होती. फुला मला एकदा म्हणाली, "मास्तर, पोटचं न्हवतं. द्येवानं उशिरा का हुईना धाडलं."

यमुनाच्या वहीत चिंध्यांचा पुरा तक्ता होता. कुठली फांदी, कुठलं वर्ष, किती रोपं हिरवी, किती बांडी. ती वही मी स्वतः पाहिली आहे. प्रत्येक पानाच्या वर लिहिलेलं असायचं, 'फुलामावशीनं सांगितल्याप्रमाणं'.

एकोणनव्वदच्या शेवटी तिचे सर जीपमधून येऊन गेले. हे सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती अभ्यास करत होती ते. मी हजर नव्हतो. फुलाच्या सांगण्यावरून कळलं की ते अर्धा तास थांबले, ओढ्याच्या पलीकडे जुन्या बैलवाटेची खूण होती ती बघून खुश झाले, आणि फुलाशी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर यमुनाचं येणं कमी झालं. एकदा कॅमेरा घेऊन आली, दोन दिवस राहिली, बस.

एक्याण्णवला तिला पदवी मिळाली आणि बेळगावच्या एका कॉलेजात नोकरीही लागली. बायजानं खानापूरभर पेढे वाटले. माझ्याकडे त्या जाडजूड प्रबंधाची एक प्रत आली, निळ्या कापडात बांधलेली. पहिल्या पानावर आभार होते. सरांचे, आई-वडिलांचे, 'माझे मामा श्री. परशुराम' यांचे. फुलाचं नाव दिसलं नाही. मला वाटलं, आत कुठंतरी असेल. पुस्तक इंग्रजीत होतं. मला इंग्रजी वाचता येतं, सावकाश. पण मी ते कपाटात ठेवून दिलं. स्वतःचं छापलेलं नाव मात्र तीन-चारदा वाचलं.

पुढच्या वर्षी अणशीच्या बाजूला जंगलाच्या हद्दी नव्यानं आखायला घेतल्या. कुणाची लागवड आत येते, कुणाची बाहेर, याची चौकशी करायला एक साहेब वाडीत आले. माणूस सरळ होता. फुलाच्या घराला आणि भातखाचराला कागद होता, ओढ्याकाठच्या झाडांना काहीच नव्हतं. साहेब तिला म्हणाले, "ही झाडं हातानं लावलेली आहेत आणि जुनी आहेत असं सांगणारा कुठलाही भरवशाचा कागद आण. मी रेघ ओढ्याच्या पलीकडून घेतो."

फुला दुसऱ्याच दिवशी रामनगरला आली. एरवी ती दमलेली असायची, त्या दिवशी तोंडावर नुसतं हसू.

"मास्तर, कागुद हाय न्हवं आपल्याकडं! येवडा मोटा! यमुनाबायनं समदं लिवलंय. द्या बगू."

सावित्रीनं चहा टाकला. मी कपाटातून पुस्तक काढलं. फुलानं ते आधी डोक्याला लावलं, मग जमिनीवर मांडून पानं उलटू लागली. तिला वाचता येत नव्हतं, ती चित्रं शोधत होती. मधोमध एक रंगीत फोटो होता, पानभर. बांडी कापीची फांदी, पट्टेरी पानं, लाल फळं. फुला त्याच्यावर वाकली. मी समजत होतो ती कौतुकानं बघतेय. बराच वेळ झाला तरी तिनं मान वर केली नाही.

"ह्यो वळणावरचा तिसरा फांदा," ती म्हणाली. "ह्याची चिंदी कुटं हाय?"

"सुटली असेल."

"म्या बांदलेली गाठ सुटत न्हाई, मास्तर. काय लिवलंय ह्याच्या खाली?"

मी चष्मा लावला. फोटोखालची ओळ वाचली, मग शेजारचं पान वाचलं, मग परत तेच पान वाचलं. सावित्री चहा घेऊन आली आणि कप हातात धरून उभीच राहिली.

"सांगा की."

मी सांगितलं. दुसरा काही मार्ग नव्हता. लिहिलं होतं की या झाडांमध्ये मानवी लागवडीचं कोणतंही चिन्ह आढळत नाही. गोव्याकडे जाणाऱ्या जुन्या बैलवाटेवर दोनेकशे वर्षांपूर्वी बिया सांडल्या असाव्यात, आणि त्यांपासून ही झाडं आपोआप वाढून रानटी झाली असावीत. इतकी विविधता हाच त्यांच्या जुनेपणाचा पुरावा होय. जवळच्या वस्तीतले लोक अधूनमधून फळं गोळा करतात.

उठून दुसरीकडे बसणाऱ्या तुकड्यांबद्दल शेवटी दीड ओळ होती, ही शक्यता तपासता आलेली नाही अशी. चिंध्यांचा तक्ता नव्हता. लखू नव्हता. फुला नव्हती.

"जवळचे लोक," फुला म्हणाली. "म्हंजी मी?"

मी होकारार्थी मान हलवली.

ती रडली नाही. चहा प्याली, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "तिच्याकडं जाऊया. कुनीतरी जबरदस्तीनं लिवून घेतलं असंल."

सकाळच्या बसनं आम्ही बेळगावला गेलो. शहापुरात यमुनानं खोली घेतली होती. दार उघडल्यावर फुलाला बघून ती आधी आनंदली, धावत येऊन तिनं तिचे दोन्ही हात धरले. मग माझ्या काखेतलं निळं पुस्तक तिला दिसलं आणि हात सुटले.

हद्दीच्या चौकशीचं मी दारातच सांगितलं. फुला खाली भिंतीला टेकून बसली. "चिंदी कुनी सोडली, बाय?"

यमुना तिच्यासमोर बसली. "मी."

"कवा?"

"तू पाण्याला गेली होतीस तेव्हा."

"मला सांगून सोडली असतीस तर म्या न्हाई म्हनली असती व्हय?"

यावर यमुना रडायला लागली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. सर म्हणाले होते, तुकडे उठतात आणि बसतात हे सिद्ध करायची यंत्रं आपल्याकडे नाहीत. तुझा पुरावा काय, तर एका अडाणी बाईच्या चिंध्या? परीक्षक हसतील. तेच दोनशे वर्षांची रानटी झाडं म्हटलं की लोक मान डोलावतील. एका मजुराच्या सोग्यातल्या बिया कुणालाच नको आहेत. खरं लिहिलं असतं तर प्रबंध परत आला असता, आणखी तीन-चार वर्षं गेली असती. "मला वाटलं, एक वाक्य बदललं तर कुणाचं काय जातंय? मला काय माहीत ते जंगलाच्या चौकशीला लागेल?"

"त्या अमेरिकेच्या बाईला तीस वर्षं लागली म्हनालीस," फुला म्हणाली. "तिनं बी वाक्य बदललं का?"

मी म्हणालो, "झालं ते झालं. आता तू एक पत्र लिहून दे. वहीत खरं काय होतं ते, चिंध्यांच्या तक्त्यासकट. सही कर. साहेबांना तेवढं पुरे."

"देते मामा. आठ दिवसांत रजिस्टरनं पाठवते. मावशी, तुझी शपथ."

फुलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. येताना बसमध्ये ती मला म्हणाली, "पोर चुकली. पर लिवून देईल."

आठ दिवस गेले, पंधरा गेले. पत्र आलं नाही. आली ती बायजा, एकटी, खानापूरहून पहिल्या गाडीनं. पाणीसुद्धा न घेता तिनं मला मागच्या पडवीत नेलं.

"परशू, पोरगी जेवालीच नाही बघ. तिनं तसं लिहून दिलं तर प्रबंध खोटा होतो म्हणे. पदवी काढून घेतील, नोकरी जाईल. तिचे सर तर तिला उभंच करणार नाहीत. काय करायचं सांग की."

"त्या बाईची झाडं जातील, आक्का."

"झाडंच की रे! घर आहे, भात आहे तिचं. माझ्या पोरीचं काय उरतं?" आणि मग माझ्या हाताला धरून म्हणाली, "तू सुद्धा तिथं जाऊन काही बोलू नकोस. तू बोललास तरी तेच झालं. मामाच भाचीला खोटं पाडालाय म्हणतील."

मी बायजाला काही वचन दिलं नाही. हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण मी तिला नाहीही म्हटलं नाही.

हद्दीची सुनावणी तालुक्याच्या गावी, जोयड्याला होती. मी फुलाला सोबत घेऊन गेलो. पत्र नसलं तरी मी आहे, आठ वर्षं तिथं राहिलेला सरकारी शाळेचा मास्तर, असं तिला वाटत होतं. तसं ती बोललीही. "पत्राचं काय न्हाई. तुमी डोळ्यानं बगितलंय."

साहेबांच्या टेबलावर प्रबंधाची प्रत होती. कुठल्याशा कचेरीतून त्यांनी ती मागवून घेतली होती. आमच्याच माणसाचं नाव तिच्यावर असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्यातलं ते वाक्य वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "मास्तर, तुम्ही एकाहत्तरपासून तिथं होता. झाडं होती?"

"होती."

"कुणी लावलेली, का आपोआप आलेली?"

मी वाडीत असताना दर पावसाळ्याच्या तोंडावर फुला रोपं लावायची. शाळा सुटली की मुलं आणि मी ओढ्यातून घागरी भरून त्यांना पाणी घालत होतो. तांबडशेंडीच्या दोन रोपांचे खड्डे मी स्वतः खणले होते, माझ्या हाताला फोड आले म्हणून फुलानं हळद लावून दिली होती. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. एवढंच बोलायचं होतं.

"मी आलो तेव्हा झाडं मोठी होती," मी म्हणालो. "ती कुणी लावली ते मी पाहिलेलं नाही."

एक शब्द त्यात खोटा नव्हता. लखूनं लावलेली झाडं मी यायच्या आधीचीच होती. साहेबांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. त्यांना बहुतेक आणखी काहीतरी हवं होतं.

"नंतर कुणी लावताना?"

"नीट आठवत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. फुला माझ्या डाव्या हाताला उभी होती. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, पण तिनं माझ्याकडे पाहिलेलं मला कळलं. बाहेर आल्यावर मी परतीच्या बसचं तिचं तिकीट काढायला खिडकीकडे गेलो. तिकीट घेऊन आलो तर ती नव्हती. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं की बाई वाडीकडे जाणाऱ्या कुंभारवाड्याच्या रस्त्याला चालत निघाली.

रेघ ओढ्याच्या अलीकडून गेली. घर आणि भात फुलाकडे राहिलं, झाडं जंगलात गेली. कुणी ती तोडली नाहीत, उलट दुर्मीळ म्हणून पाटी लागली आणि काटेरी तार आली. फळ तोडायची, छाटायची, आत पाऊल टाकायचीसुद्धा बंदी. त्या वर्षापासून फुला आमच्याकडे मुक्कामाला आली नाही. बाजाराला यायची तेव्हा सावित्रीला रस्त्यात भेटायची, तिची विचारपूस करायची. माझा विषय काढत नसे.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत यमुना अचानक माझ्या दारात उभी. तिच्या कॉलेजातून बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेशी काही जुळलं होतं. तिथं आता ती यंत्रं आली होती. उठून बसणारे तुकडे दाखवता येतील असं ती म्हणाली. बांडीची पानं आणि कोडगिणीची पानं, एवढंच हवं होतं. आत जायची परवानगी तिनं आणली होती.

"आता सगळं खरं लिहीन, मामा. मावशीचं नावसुद्धा."

मी तिच्याबरोबर गेलो. का गेलो ते मला सांगता येत नाही. वाडीत न शिरता आम्ही परस्पर ओढ्याकडे गेलो. तारेच्या आत झाडं माणसाच्या दुप्पट उंच झाली होती, एकमेकांत घुसली होती. खाली रानमोडीचं तण माजलं होतं. वळणावर बांडीचं खोड सापडलं. तिच्यावर एकही पट्टेरी पान नव्हतं. हिरवे फांदे छाटायला तीन वर्षं कुणी नव्हतं, त्यांनी बाकीचे फांदे खाऊन टाकले होते. काही फांद्या वाळून काळ्या पडल्या होत्या, एवढंच. कोडगीण कुठली ते आम्हा दोघांनाही ओळखता येईना. वहीतला नकाशा घेऊन यमुना दुपारपर्यंत फिरली. बहुतेक झाडांवर तांबेरा होता.

मग ती फुलाच्या घराकडे चालू लागली. मी मागून.

फुला अंगणात शिकेकाई सोलत होती. तिनं आम्हाला या म्हटलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. यमुना तिच्या पायाशी बसली.

"मावशी, बांडी सगळी हिरवी झालीय."

"व्हनारच."

"कुठं एखादं बांडं रोप उरलं असेल तर तुलाच माहीत. आणि कोडगीण कुठली तेवढं दाखव. पाया पडते तुझ्या."

फुलानं शिकेकाईची टोपली बाजूला सारली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझी माया तुझ्यावर झाडापरास जास्ती हुती, बाय. तू झाडं नेली असतीस तर म्या दुसरी लावली असती. पर तू मलाच तितनं उपटून टाकलंस. आता कोडगीण कुटली इचारतीस. रानाची झाडं ती. मला काय ठावं?"

यमुना तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली. फुलानं तिला उठवलं, डोळे पुसले, आणि उन्हं उतरायच्या आत मोठा रस्ता गाठा म्हणून सांगितलं. पण झाड दाखवलं नाही. यमुना तशीच बेळगावला गेली. तिचा प्रबंध आहे तसाच आहे, तिनं तो कधी दुरुस्त केला नाही.

मी मात्र घरी येऊन चार पानं लिहिली. रोपं, घागरी, खड्डे, कुठल्या वर्षी कुठली चिंधी जेवढी आठवली तेवढी, आणि सुनावणीत मी काय लपवलं तेही. सही करून कचेरीत पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की हद्द कायम झाली असून प्रकरण बंद आहे. ते साहेबही बदलून गेले होते.

ती चार पानं घेऊन मी फुलाकडे गेलो. "वाचा," ती म्हणाली. मी ओसरीवर बसून वाचून दाखवली, एकही वाक्य न गाळता. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मधे एकदा तिनं वर्ष दुरुस्त केलं, सुईपान पंच्याहत्तरला न्हवं, शहात्तरला लावलं म्हणून.

"बरं लिवलंय," ती म्हणाली. "त्या दिशी येवडंच बोलायचं हुतं, मास्तर."

मग म्हशी खाचराकडे वळल्या होत्या त्यांना हाकलायला ती गेली. मी कागद घडी करून बराच वेळ बसून राहिलो. ती लवकर परत येण्याचं चिन्ह दिसेना, तेव्हा उठलो आणि वाटेला लागलो.